मायचं कांद्याचं बी

त्या पांढऱ्या पावडरीचा कुबट वास कुठे आला की अजून माझं डोकं फिरतं. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला वास सोसत नाही. वासाचं काही नाही. त्या वासाबरोबर मला माझी वीस-एकवीस वर्षांची अक्कल आठवते आणि संताप येतो. तो कोणावर काढावा हे इतक्या वर्षांत ठरलं नाही, म्हणून जो समोर असेल त्याच्यावर निघतो.

नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे आमचं गाव. काळी जमीन, कपाशी, ज्वारी, तूर. बाप बडनेऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, रविवारी घरी यायचा. त्याने राबून राबून अर्ध्या एकराचा एक तुकडा घेतला होता आणि त्यात एक जुनी विहीर होती. ती विहीर होती म्हणून तो तुकडा होता, नाहीतर अर्ध्या एकरात काय होतं. शेती बघायची ती माय.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. त्याच महिन्यात बापाने गावकी सोडली. मेलेली गुरं ओढणार नाही, सांगावे घेऊन धावणार नाही, आणि घरोघर भाकर मागायला तर कोणी जाणारच नाही, असं त्याने चावडीवर जाऊन सांगितलं. गावाने तोंड फिरवलं. कोणी मजुरीला बोलवेना. पण एका गोष्टीसाठी गावाला आमच्याकडे यावंच लागायचं, आणि ती गोष्ट म्हणजे मायचं कांद्याचं बी.

शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. कांद्याचं बी आपोआप होत नाही. निवडक कांदे दिवाळीनंतर पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना पोकळ दांडे फुटतात, दांड्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात, माघात ते उमलतात आणि उन्हाळा लागता लागता त्यांत काळं, तिकोनी बी धरतं. सगळा हिवाळा जमीन अडकवायची आणि पाणी देत बसायचं, हा उपद्व्याप गावात कोणाला नको असायचा. माय तो आवडीने करायची. तिच्या कांद्याची जात तिने दर्यापूरकडच्या तिच्या माहेराहून आणली होती. पांढरा, बारीक मानेचा, वर्षभर टिकणारा कांदा. लावणीचे कांदे निवडायला ती बसली की तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

पूर्वी बी न्यायला येणाऱ्या बाया अंगणाच्या कडेला उभ्या राहून पदर पसरायच्या आणि माय वरून, हात न लागू देता, त्यात बी सोडायची. बौद्ध झाल्यावर तिने सूप ओसरीत मांडलं आणि सांगून टाकलं, "ज्याले बी पाह्यजे त्यानं वर येऊन बसा, हातात घेऊन पाहा, मंग न्या." पहिल्या वर्षी तिघी आल्या. दुसऱ्या वर्षी निम्मं गाव आलं, कारण बाजारातलं बी लावून त्यांचं तोंड पोळलं होतं. पुढे तर पाटलीणबाईसुद्धा आमच्या ओसरीतल्या पोत्यावर बसून तळहातावर बी चोळून बघायच्या. बाप त्या दिवशी मुद्दाम रजा काढून यायचा. खांबाला टेकून फक्त बघत राहायचा. गावकी सोडल्याचं चीज झालं असं त्याला त्या एका दिवशी वाटत असावं. बाकीचे दिवस तो वैतागलेलाच असायचा.

विहिरीच्या आतल्या बाजूला, दगडांच्या कपारीत, मधमाश्यांचं मोहोळ होतं. आमच्या आधीपासून होतं. पाणी ओढताना बादली त्या बाजूला आपटली की माय शिव्या घालायची. मध काढू द्यायची नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "थ्या माशा माह्या गोंड्यावर राबतात. मी त्याइचं घर कावून मोडू?" तिला परागकण वगैरे माहीत नव्हतं. गोंड्यावर माशी बसली तर बी धरतं, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. हे मी पुढे पुस्तकात वाचलं, आणि पुस्तकात वाचल्यामुळे ते मला जास्त कळतं असा माझा समज झाला.

पावडर आमच्या गावाला नवी नव्हती. मी शाळेत असताना मलेरियावाले आले होते. त्यांनी घराघरात भिंतींवर डी.डी.टी. मारली, दारावर खडूने काहीतरी लिहिलं आणि महिनाभर भिंती सारवू नका असं बजावून गेले. त्या उन्हाळ्यात ढेकूण गेले, मच्छर गेले, आम्ही मेल्यासारखे झोपलो. मायने तर त्या लोकांना दुसऱ्या खेपेला चहा पाजला. सरकारची पावडर म्हणजे चांगली पावडर हे तेव्हापासून आमच्या डोक्यात बसलेलं. त्यात कोणाची चूक धरायची? ढेकूण खरंच गेले होते.

मॅट्रिक झालो आणि मला शेतकी खात्यात नोकरी लागली. आमच्या वस्तीतली पहिली सरकारी नोकरी. अकोल्याला तीन महिने ट्रेनिंग झालं. तिथे आम्हाला कीड कशी ओळखायची, बी.एच.सी. पावडर एकराला किती मारायची, धुरळणीचं यंत्र पोटाला बांधून मूठ कशी फिरवायची, हे शिकवलं. हात धुवा, वाऱ्याकडे तोंड करू नका, हेही सांगितलं. फुलावर मारू नका असं सांगितलं का? मला आठवत नाही. सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही, आणि नसेल सांगितलं तर मी विचारलं नाही. दोन्हींत मी मूर्खच ठरतो.

सायकल, मागे पावडरीची थैली, पोटावर यंत्र, अशा थाटात मी गावोगाव फिरायला लागलो. ज्यांच्या बांधावरून जाताना माझा बाप चपला हातात घ्यायचा, त्यांच्या शेतात मी उभा राहून हुकूम सोडायचो आणि ते ऐकायचे. आमच्या गावचा पाटील मला थट्टेने साहेब म्हणायचा. थट्टा मला कळत होती, तरी गोड लागायचं. मी हवेतच होतो. मायने तर वस्तीभर सांगून ठेवलं होतं की माह्या लेकाकडे अशी दवाई आहे की किड्याचं नाव राहत नाही.

त्या वर्षी माघात तिच्या कांद्यावर फुलकिडे पडले. बारीक, पिवळट, दांड्यांच्या बेचक्यात लपणारे. पात पांढरी पडायला लागली. रविवारी सकाळी मी शेतात गेलो तर माय राख धुरळत होती. ही तिची जुनी रीत. चुलीतली राख चाळायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायची, आणि पहाटे दव असताना पुरचुंडी हलवत वाफ्यावाफ्याने फिरायचं. दवावर राख चिकटते, वाळली की कीड घसरते. पानावर, फुलावर, सगळीकडे टाकायची. राखेने कोणाचं काही बिघडत नाही, त्यामुळे कुठे टाकायची नाही हा प्रश्नच कधी आला नव्हता.

मी हसलो. म्हणालो, "माय, राख काय टाकून राहिली? माह्याकडे पावडर हाये."

"थे कपाशीची हाये ना?"

"कशाचीबी हाये. कीड मेली म्हंजे झालं."

मी थैली आणली, यंत्र पोटाला बांधायला लागलो. मायने यंत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "हे राहू दे. माह्ये दांडे मोडशीन तू. मी हातानं टाकतो." चिमूटभर पावडर तिने बोटांत चोळून बघितली. "हे तं राखीवानीच हाये."

"राखीवानीच," मी म्हणालो. "फक्त जोरदार."

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात महागात पडलेलं वाक्य. तिने राख झटकली, त्याच फडक्यात पावडर बांधली आणि राखेच्याच रीतीने, दवात, एकेका गोंड्यावर पुरचुंडी धरून टकटक हलवत ती फिरली. गोंडे नुकते उमलले होते. त्यांच्यावर तर तिने जास्तच टाकली, कारण बी तिथेच धरायचं. मी बांधावर बसून बघत होतो. मध्येच म्हणालोसुद्धा, "तिकडे कमी पडली, दाट टाक." दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं. संध्याकाळी तिचं डोकं दुखलं, ती लवकर झोपली. मी ट्रेनिंगमधलं हात धुण्याचं तिला सांगितलंच नव्हतं. घरच्या माणसाला काय सांगायचं.

तिसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी विहिरीवर अंघोळीला गेलो. बादली सोडली आणि थांबलो. काहीतरी कमी वाटत होतं. मग कळलं, आवाज नाही. त्या कपारीतून दिवसभर एक घुमणारा आवाज यायचा, इतका सवयीचा की तो आहे हे कधी जाणवायचं नाही. खाली वाकून बघितलं तर पाण्यावर माश्या पसरल्या होत्या. सांडलेल्या तिळासारख्या, विहिरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. काही अजून वळवळत होत्या. वाफ्यातही पडल्या होत्या, गोंड्यांच्या बुडाशी, पाठीवर.

मला लगेच कळलं. दुसरं काही असेल का, असं मी क्षणभरही म्हणालो नाही. आणि मग मी काय केलं? माय यायला अवकाश होता. मी विहिरीत उतरलो, टोपलीला धोतर बांधून पाण्यावरच्या माश्या गाळून काढल्या, वाफ्यातल्या वेचल्या, आणि सगळ्या बांधापलीकडच्या नाल्यात नेऊन मातीखाली घातल्या. भीती नव्हती. ती मला मारणार नव्हती, बोललीही नसती फार. लाज होती. नव्या साहेबाची लाज.

दोन दिवसांनी माय म्हणाली, "माशा उठून गेल्या वाट्टे रे."

"जातात अशा," मी म्हणालो. "थंडी हाये ना."

"आजवर नाई गेल्या." ती कपारीकडे बघत राहिली. "येतीन. कुठं जातीन."

मग मी स्वतःच माशी व्हायला निघालो. पुस्तकातलं ज्ञान होतंच. पहाटे उठून कामावर जाण्याआधी मी शेतात जायचो आणि तळहात एका गोंड्यावरून दुसऱ्या गोंड्यावर हलके फिरवत जायचो, म्हणजे इकडचे परागकण तिकडे लागतील. अर्ध्या एकरात किती गोंडे असतात हे त्याशिवाय कळत नाही. तास-दीड तास वाकून पाठीचा काटा ढिला व्हायचा आणि चार सऱ्यासुद्धा होत नसत. एक माशी हे काम पोटासाठी, कोणी न सांगता, दिवसभर करते आणि तिच्यासारख्या हजारो असतात. मी एकटा, सरकारी नोकर, आठ वाजता सायकल गाठायची घाई असलेला. एकदा मायने बघितलंच. "काय करून राहिला रे तू?" मी म्हणालो, "कीड पाहून राहिलो." तिला माझं कौतुक वाटलं. संध्याकाळी तिने शेजारणीला सांगितलं, साहेब झाला तरी पोट्टा वावरात राबते.

ऑफिसात मी एकदा तोंड उघडलं. साहेबांना म्हणालो, फुलावर पावडर पडली की मधमाश्या मरतात, बी धरत नाही, तसं वर लिहायला पाहिजे. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. गाव, पीक, किती एकर, किती पावडर, कीड मेली की नाही. "यात तुझी माशी कुठे लिहू? रकाना दाखव," ते म्हणाले. मी सगळे रकाने वाचले. खरंच नव्हता. मग त्यांनी मला नव्या थैल्या सही करून घ्यायला सांगितल्या आणि मी सही केली. आता लोक मला विचारतात, तेव्हा तुम्ही नोकरी का सोडली नाही? विचारणं सोपं आहे. आमच्या वस्तीतली ती एकच नोकरी होती.

चैत्रात गोंडे वाळले. मायने ते कापून अंगणात वाळत घातले, चोळले, सुपाने पाखडले. बी दिसत होतं. थोडं, पण दिसत होतं, आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. मग तिने नेहमीसारखी परात पाण्याने भरली. भरीव बी बुडतं, पोचट तरंगतं. तिने मूठ सोडली. काळं बी पाण्यावर पसरलं आणि पसरलेलंच राहिलं. तिने हाताने दाबून बुडवलं, ते वर आलं. दुसरी मूठ टाकली, तिसरी टाकली. विहिरीतल्या पाण्यासारखंच दिसत होतं ते, आणि ते फक्त मलाच माहीत होतं. तळाला जे बसलं ते तिने एका वाटीत काढलं. वाटीचं बूडही झाकलं गेलं नाही.

बी न्यायच्या दिवसांत बाया आल्या. मायने सूप मांडलं नव्हतं. पाटलीणबाई ओसरीच्या पायरीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "का वं, अवंदा बी नाई?"

"नाई बाई. धरलं नाई."

"मंग आता कुठं जायचं?" त्या म्हणाल्या, पण थांबल्या नाहीत. तालुक्याच्या दुकानात डब्यातलं बी मिळायला लागलंच होतं. त्या वर्षी सगळ्या गावाने ते आणलं. बाप रजा काढून आला होता. खांबाला टेकून बसला, दुपारपर्यंत वाट बघितली, आणि संध्याकाळच्या गाडीने बडनेऱ्याला परत गेला. जाताना एवढंच म्हणाला, "एकच गोष्ट होती आपल्याकडे."

तरी मी बोललो नाही. उलट पावसाळ्यात गावभर पावडर वाटली, कारण वरून थैल्या येतच होत्या. बायांनी परसातल्या वेलांवर टाकली, राखेसारखी, पहाटे, दवात. श्रावणात तक्रारी सुरू झाल्या. वेल हिरवेगार, फुलं पिवळीधमक, आणि कोहळं एक नाही. दोडक्याची फुलं गळून खाली सडा. एक म्हातारी मला रस्त्यात धरून म्हणाली, "बाप्पा, तुह्या पावडरीनं कीड तं गेली, पन खाऊ काय, पानं?" मी तिला बियाणं बदला म्हणालो. मी असं म्हणालो. पुढे कितीतरी वर्षांनी माझी बदली शेंदूरजनाघाटच्या बाजूला झाली, तेव्हा संत्र्याच्या फुलावर पंप मारणाऱ्यांशी मी बांधाबांधावर भांडलो. फूल आहे तोवर मारू नका म्हणून घसा कोरडा करायचो. ते हसायचे आणि म्हणायचे, "साहेब, तुमच्याच खात्यानं शिकवलं." घसा मोकळा झाला होता, पण जिथे मोकळा व्हायला हवा होता तिथे नाही.

कारण मी गावभर पावडर वाटली त्याच पावसाळ्यात माय एक हिशेब मांडत बसली होती. वाफ्याला पाणी वेळेवर दिलं. खत नेहमीचंच. कीड तर लेकाने मारून दिली. माश्या गेल्या, पण त्या उठून गेल्या, त्याला कोण काय करणार. मग चुकलं कुठे? माझ्या पावडरीचा संशय तिला आला नाही. येणारच नव्हता, ती मी आणली होती. शेवटी तिने तिच्यापुरतं उत्तर काढलं. कांद्याची जात विटली. माहेरहून आणलेली, इतकी वर्षं एकाच मातीत फिरलेली जात, तिचा कस गेला. आणि ते ओळखता आलं नाही, म्हणून तिचं तिला वाईट वाटत होतं. "माह्या हाताची परख गेली," असं ती शेजारणीला सांगताना मी दाराआड ऐकलं. मी दाराआडच राहिलो.

दिवाळी झाली. आदल्या वर्षीच्या बियातून आलेल्या, लावणीसाठी निवडून ठेवलेल्या कांद्यांची टोपली आढ्याला टांगलेली होती. ते कांदे चांगले होते. मी रोज येता-जाता बघायचो. घट्ट, बारीक मानेचे, एकही सडलेला नाही. विहिरीच्या कपारीत नवं मोहोळ बसलं नव्हतं, पण नाल्याकाठच्या उंबरावर मी माश्या बघितल्या होत्या. कांदे लावले असते, मी पावडर लांब ठेवली असती, तर थोडं तरी बी धरलं असतं. मी मनाशी ठरवलं होतं की लावणीच्या दिवशी सांगायचं. सगळं सांगायचं.

तो रविवार होता. बापही घरी होता. मी शेतात वाफे ओले करून दुपारी घरी आलो तर टोपली खाली उतरवलेली. माय चुलीपुढे बसली होती. तिने आम्हा दोघांना ताटं वाढली, ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची भाजी, आणि टोपलीत हात घालून एक कांदा काढला. जमिनीवर ठेवला, मुठीने फोडला आणि अर्धा माझ्या ताटात टाकला, अर्धा बापाच्या.

बाप म्हणाला, "लावाचे होते ना हे?"

"काय लावाचे? जात विटली. उगाच जागा अडवतीन. आता दुकानातलंच आनू." तिने आणखी दोन कांदे काढून बाजूला ठेवले, संध्याकाळच्या कालवणाला. "आजपासून हेच खाऊ. टोपली सरू दे."

एक वाक्य पुरलं असतं. कांदे शाबूत होते, वाफे ओले होते, संध्याकाळपर्यंत लावून झाले असते. ते वाक्य माझ्या तोंडात होतं आणि त्याच्यासोबत भाकरीचा घास होता. मी घास गिळला.

माय माझ्याकडे बघत होती. "गोड हाये ना?" तिने विचारलं. "बी धरत नाई, पन खायाले गोड हाये."

मी हो म्हणालो. तिने टोपलीतून आणखी एक कांदा काढला आणि माझ्यासाठी फोडला.